लष्कराच्या फील्ड ट्रायलला माल द्यावा का? खर्च आपलाच आहे

भोसरीकर: भोसरी एमआयडीसीत माझं शीट मेटलचं छोटं वर्कशॉप आहे, सात कामगार. ड्रोन बनवणाऱ्या एका कंपनीला बॅटरीचे दहा डबे हवेत, लडाखला ट्रायलसाठी. ऑर्डरची हमी नाही, 'नो कॉस्ट नो कमिटमेंट' म्हणतात. डायचा, म्हणजे पत्रा दाबायच्या साच्याचा, खर्च अंगावर घ्यावा का?

चाकणची ताई: घ्या दादा. आम्ही असेच डबे दिले होते. पुण्यात पाण्याच्या फवाऱ्याखाली एक थेंब आत गेला नाही, म्हणून निर्धास्त होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथं हवा विरळ. इथं घट्ट बंद केलेल्या डब्यांची झाकणं तिथं फुगली. तिथं बंद केलेला डबा खाली आणला, तर झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटावं लागलं! हवा आत-बाहेर जाऊ देणारा ब्रीदर व्हॉल्व्ह बसवल्यावर तो त्रास गेला. झाकणाखालचं नायट्रिल रबराचं गॅस्केट थंडीनं कडक झालं, तिथं सिलिकॉन घातलं.

पण खरं शिकवलं ते लॅचनं, झाकणाच्या कडीनं. जाड हातमोजे घातलेल्या जवानाला ते धरताच येईना. तो काही बोलला नाही. मोजा काढला, डबा उघडला आणि बोटं काखेत दाबून उभा राहिला. वर्कशॉपमध्ये बसून हे मला जन्मात सुचलं नसतं.

ती ऑर्डर आली नाही. पण सुधारलेला डबा हिमाचलातल्या टॉवरवाल्यांनी घेतला. त्यांनी आधी विचारलं, 'थंडीत कुठं वापरून बघितलाय?' आमच्याकडे सांगायला लडाख होतं. आज निम्मा धंदा त्याच डब्यावर आहे.

हिशेबनीस: ताईंचं पटतं, पण डायचे पैसे आधी मागा. त्या कंपनीला आयडेक्सचं, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या स्टार्टअपसाठीच्या योजनेचं, अनुदान आहे का विचारा. २०१८ पासूनची योजना आहे. सुरुवातीला दीड कोटीपर्यंत अनुदान होतं, कंपनीनंही तेवढाच वाटा घालायचा. असेल तर तुमची डाय त्यात बसवता येईल का, ते बोलून घ्या. आणि ट्रायलमधून मोठी ऑर्डर येतेच नाही असंही नाही. नवी मुंबईच्या आयडियाफोर्ज या ड्रोन कंपनीला जानेवारी २०२१ मध्ये लष्कराची सुमारे दोन कोटी डॉलरची ऑर्डर मिळाली, ती प्रत्यक्ष परिस्थितीतल्या चाचणीत उतरल्यावरच.

भोसरीकर: अनुदानाचं उद्याच विचारतो. ताई, लॅचची पकड किती ठेवलीत?

चाकणची ताई: ४० मिमी. डबा रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी वेल्डिंगचे हातमोजे घालून स्वतः उघडून बघा. डाय त्यानंतरच करायला टाका.