माळकरी आईला घेऊन पिनांग बेटावर एक दिवस: रस्त्यावरचे काय खाता येईल?

सावंतवाडीची लेक:

नमस्कार. आम्ही वर्षभरापासून मलेशियात कुलीम येथे राहतो. पुढच्या महिन्यात माझे आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येत आहेत आणि एका शनिवारी त्यांना पिनांगला न्यायचे ठरवले आहे. सकाळी गाडी बटरवर्थला ठेवून बोटीने पलीकडे जायचे, दिवसभर जॉर्जटाउनच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडत थोडे थोडे खायचे आणि रात्री परतायचे, एवढाच बेत आहे. टेकडी आणि संग्रहालये पुन्हा कधी तरी पाहता येतील.

अडचण अशी आहे की आईने पंचवीस वर्षांपूर्वी माळ घातली आहे. मांस-मासळी तर नाहीच, अंडेही तिला चालत नाही. बाबा मासे आवडीने खातात, पण त्यांना मधुमेह आहे. मागच्या वर्षी आम्ही दोघेच पिनांगला गेलो होतो, तेव्हा काय खातो आहोत याची फारशी चौकशी न करता सगळे खाल्ले. आता मात्र एकेक पदार्थ आठवला की त्यात नेमके काय होते, हा प्रश्न पडतो. आईने दिवसभर पिशवीतले लाडू आणि केळी खाऊन आमच्याकडे पाहत बसावे, हे मला नको आहे. तिला तिथे काय मिळेल, कोणत्या वेळी मिळेल आणि विक्रेत्याला काय विचारावे, हे अनुभवींनी कृपया सविस्तर सांगावे.

जॉर्जटाउनकर:

मी नऊ वर्षे या बेटावर राहतो आणि माझी पत्नीही शाकाहारी आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पुलाऊ पिनांग म्हणजे सुपारीचे बेट. मलय भाषेत पिनांग म्हणजे पोफळ. आपल्या आईंना हे बोटीवरच सांगा, कारण सावंतवाडीकडच्या माणसाला येथील गोड पदार्थ ओळखीचे वाटण्याचे कारण त्यातच आहे. नारळ, तांदूळ आणि गूळ या तीन गोष्टींवर येथील निम्म्याहून अधिक गोड पदार्थ उभे आहेत. गुळाला येथे ‘गुला मेलाका’ म्हणतात आणि त्यातला ‘गुला’ हा शब्दही संस्कृत ‘गुड’ या शब्दावरूनच आलेला आहे. फरक एवढाच की तो उसाचा नसतो. माडाच्या पोयीतून काढलेला रस आटवून तो करतात. काळपट, किंचित धुराचा वास असलेला हा गूळ एकदा चाखला की आपल्या चिक्कीच्या गुळाहून तो कसा वेगळा आहे, हे लगेच कळते.

सकाळी बोटीतून उतरल्यावर प्रथम लिटल इंडियात जा. क्वीन स्ट्रीटवर 1833 साली बांधलेले मारिअम्मनचे देऊळ आहे; दर्शन घेऊन बाहेर पडल्यावर तमिळ विक्रेत्यांकडे वडे आणि मुरुक्कू, म्हणजे आपली चकली, मिळते. मात्र तेथे पोट भरू देऊ नका. सकाळच्या वेळी कुठे ‘पुतु मायम’ दिसले तर ते अवश्य घ्या. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवयांची ही चकती ओल्या खोबऱ्याबरोबर आणि भुरकट साखरेबरोबर देतात. त्यात आक्षेपार्ह असे काही नसते.

साडेअकराच्या सुमारास, ऊन चढले की चेंडोल. पेनांग रोडवरून निघणारी लेबुह केंग क्वी ही अरुंद गल्ली त्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील सर्वांत नावाजलेला ठेला 1936 पासूनचा आहे. तांदळाच्या पिठात पंदानच्या पानांचा हिरवा रस घालून ते शिजवतात आणि भोकांच्या साच्यातून थंड पाण्यात पाडतात; त्यातून करंगळीएवढे, मऊ, हिरवे तुकडे तयार होतात. ते वाडग्यात घालून वर उकडलेला राजमा, किसलेला बर्फ, नारळाचे दाट दूध आणि शेवटी तो पातळ केलेला काळा गूळ ओततात. वाडगा हातात आला की लगेच ढवळू नका. आधी चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचला, म्हणजे खारट नारळाचे दूध आणि गूळ वेगवेगळे जिभेवर येतात. ढवळल्यावर ती चव एकच होऊन जाते. नारळाच्या दुधात चिमूटभर मीठ घातलेले असते आणि माझ्या मते चेंडोलची सारी मजा त्या मिठात आहे. शनिवारी रांग लांब असते, पण ती भराभर पुढे सरकते. बहुतेक लोक गल्लीतच उभे राहून खातात. आईंना बसायचे असेल तर शेजारच्या कॉफीच्या दुकानात जागा मिळते.

दुपारी न्योन्या, म्हणजे येथील मिश्र चिनी-मलय घराण्यांच्या पद्धतीचे ‘कुए’, म्हणजे छोटे गोड पदार्थ घ्या. त्यांतील ‘ओंदे-ओंदे’ म्हणजे चिकट तांदळाच्या पिठाचा हिरवा गोळा, आत गुळाचा खडा आणि बाहेरून ओले खोबरे. उकडीच्या मोदकात आत असते ते खोबरे येथे बाहेर, असे माझी पत्नी म्हणते. तो अर्धा चावू नका, अख्खा तोंडात घाला; आतला गूळ वितळून पाक झालेला असतो आणि तो थेट कपड्यांवर उडतो. पीठ चिकट असल्यामुळे वडीलधाऱ्यांना मात्र सावकाश चावायला सांगा.

‘ऐस काचांग’ म्हणजे किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्याखाली लाल चवळीसारखे दाणे, मका आणि पाणताडाच्या बिया. या बिया आपल्या ताडगोळ्याची आठवण करून देतात. तेही चालेल. ‘आपाम बालिक’ ही शेंगदाण्याचे कूट घालून दुमडलेली कुरकुरीत घावनासारखी पोळी दिसायला निरुपद्रवी असते, पण पिठात अंडे असते. जाळीदार ‘आपोम’च्या पिठातही पुष्कळ ठिकाणी अंडे घालतात, ‘आदा तेलुर?’, म्हणजे अंडे आहे का, असे विचारावे.

तिरफळ:

वर सर्व गोड पदार्थ आले आहेत, म्हणून तिखटमिठाच्या बाबतीत सावधगिरीची सूचना करतो, कारण माझ्या हातून झालेली चूक अजून मनातून जात नाही.

चार वर्षांपूर्वी माझी मावशी आमच्याकडे आली होती. एका ठेल्यावर मी ‘रोजाक’ मागितला. काकडी, अननस, कैरी, पेरू अशा फळांच्या फोडी आणि वर कुटलेले शेंगदाणे. विक्रेत्याला मी मांस आहे का एवढेच विचारले आणि त्याने प्रामाणिकपणे नाही म्हटले. मावशीने अर्धी बशी संपवल्यावर मला त्या काळ्या चटणीचा वास जाणवला. ती ‘हे को’, म्हणजे कोळंबीची आटवलेली चटणी होती. विक्रेत्याचा त्यात काही दोष नव्हता. मी चुकीचा प्रश्न विचारला होता. मावशी काही बोलली नाही, पण त्या दिवशी तिने पुढे काहीही खाल्ले नाही.

तेव्हापासून मी ‘मांस आहे का’ असे विचारतच नाही. ‘उडांग’ म्हणजे कोळंबी, ‘बेलाचान’ म्हणजे जवळ्यासारख्या बारीक कोळंबीची आंबवून वाळवलेली वडी, ‘इकान’ म्हणजे मासा, ‘तेलुर’ म्हणजे अंडे. हे चार शब्द एकेक करून विचारतो. चिनी ठेल्यांवर यांशिवाय डुकराच्या चरबीचाही प्रश्न असतो. चार क्वे तिआऊ या परतलेल्या शेवयांत ती पूर्वापार वापरतात आणि मूगडाळीचे सारण भरलेल्या ‘ताऊ सार पिआ’ या बिस्किटांच्या पारीतही असू शकते, म्हणून ती भेट म्हणून घेताना वेष्टनावर वनस्पती तेल लिहिले आहे की नाही, ते पाहूनच घ्यावीत. पासेंबुर, म्हणजे काकडीचा कीस आणि भजी यांचा चटणी घातलेला पदार्थ, वगळावे, कारण त्यातील भजी कोळंबीची असतात आणि बाकीचे सर्व त्याच कढईत तळतात.

आईंना निर्धास्तपणे तिखट काही खाऊ घालायचे असेल तर चिनी शाकाहारी ठेला शोधा. त्यावर ‘素食’ ही अक्षरे असतात आणि पुष्कळदा स्वस्तिकाचे चिन्हही असते. ते बौद्ध परंपरेतले चिन्ह आहे. तेथे बहुधा कांदा-लसूणही घालत नाहीत; अंड्याचे मात्र विचारून घ्यावे. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे ढोबळमानाने आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, अनेक चिनी कुटुंबे शाकाहार पाळतात. आपली तारीख पुढे-मागे करता येत असेल तर चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस गाठा. नऊ सम्राट देवांचा उत्सव तेव्हा असतो, रस्तोरस्ती पिवळ्या पताका लावलेले शाकाहारी ठेले उभे राहतात आणि बहुतेक वर्षी ते दिवस आपल्या नवरात्राच्या आसपासच येतात.

सावंतवाडीची लेक:

दोघांचेही मनापासून आभार. नवरात्रापर्यंत आई-बाबा थांबणार नाहीत, पण चार शब्द वहीत उतरवून घेतले आहेत. बाबांसाठी कोणी काही सुचवील का? गोडाचे काय करावे, हा प्रश्न आहेच.

पायवाट:

बाबांना आसाम लाक्सा द्या. दुसरे काही नाही दिले तरी चालेल.

हे मी विचारपूर्वक लिहीत आहे. या लाक्सात नारळाचे दूध नसते. माशाचे आंबट-तिखट सार असते, त्यात तांदळाच्या जाड शेवया आणि वर पुदिना, अननस, काकडी आणि कांदा. मासा बहुधा ‘केंबुंग’ असतो आणि केंबुंग म्हणजे आपला बांगडा. आंबटपणासाठी चिंचेबरोबर ‘आसाम केपिंग’ नावाच्या वाळवलेल्या फोडी घालतात. त्या ज्या फळाच्या असतात ते कोकमाच्याच कुळातले आहे. कोकम घातलेले बांगड्याचे सार ज्याने जन्मभर खाल्ले आहे, त्याला पहिल्या घासातच आपले माणूस भेटल्यासारखे वाटेल. चमचाभर हे को वर देतात, ती वेगळी मागावी. लाक्सासाठी आयेर इताम प्रसिद्ध आहे, परंतु ते शहराबाहेर आहे; एका दिवसात तेथवर जाण्याऐवजी जॉर्जटाउनमध्येच खावा.

गोडाबद्दल माझे मत असे की बाबांना पूर्ण नाही म्हणू नये आणि स्वतंत्र वाडगाही देऊ नये. चौघांत एक चेंडोल घ्या आणि ‘कुरांग मानिस’, म्हणजे गोड कमी, असे आधीच सांगा. गूळ शेवटी वरून ओतत असल्यामुळे तो कमी घालणे विक्रेत्याला सोपे असते. जायफळाचे सरबतही थोडे चाखायला द्या. येथे जायफळाच्या बाहेरच्या गराचे सरबत करतात, जसे आपल्याकडे त्याच सालीचे लोणचे घालतात. तेही गोडच असते, तेव्हा दोन घोटच. गोळ्यांच्या वेळा आणि जेवणाची वेळ मात्र हिंडण्याच्या नादात चुकू देऊ नका. दर दोन तासांनी थोडे खाण्याच्या दिवसात नेमके तेच घडते.

सावंतवाडीची लेक:

परवा जाऊन आलो. ज्यांनी एवढ्या आस्थेने लिहिले त्यांना वृत्तान्त कळवणे माझे कर्तव्य आहे.

पुतु मायम लिटल इंडियाजवळ एका सायकलवाल्याकडे मिळाले. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ह्ये तर आमचे शिरवाळे!” मग तिने मला विक्रेत्याला विचारायला लावले की शेवया आधी पाडतात की पीठ आधी शिजवतात. त्याने हाताने दाबण्याचा अभिनय करून दाखवला आणि नंतर वाफेकडे बोट केले. आईला हे अगदीच नवीन होते, कारण आपल्याकडे पिठाचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवून गरम असतानाच साच्यातून दाबतात आणि त्याला दोन माणसांचा जोर लागतो. तिने आणखी एक चकती बांधून घेतली.

चेंडोलच्या गल्लीत अर्धा तास रांगेत उभे होतो. आईला खुर्ची मिळाली होती, पण ती उठून ठेल्याजवळच जाऊन उभी राहिली आणि बर्फ, दूध, गूळ यांचा क्रम पाहत राहिली. तिचे म्हणणे असे की शिरवाळ्यांच्या रसात हेच नारळाचे दूध आणि हाच गूळ असतो, फक्त त्यात वेलची असते आणि तो थंड नसतो. मिठाबद्दल जॉर्जटाउनकरांनी लिहिले होते ते मी तिला सांगितले नव्हते, तरी तिने दुसऱ्या चमच्याला ते ओळखले.

बाबांनी लाक्साचा वाडगा दोन्ही हातांनी उचलून शेवटचे सार प्यायले. “तिरफळ कमी आहे,” एवढेच बोलले. चेंडोलचे त्यांच्या वाट्याला तीन चमचे आले. घरी आल्यावर साखर मोजली, ती नेहमीपेक्षा थोडी वाढलेली होती.

एका ठिकाणी आमचे चार शब्द उपयोगी पडले. उकडलेल्या तांदळाच्या वळकट्या दिसल्या, आईला त्या हव्याशा वाटल्या आणि मी ‘उडांग?’ असे विचारताच आजीबाईंनी मान हलवून चटणीच्या भांड्याकडे बोट दाखवले. मग त्यांनी आपणहून दुसऱ्या बशीत चटणीविना वळकट्या घातल्या आणि वर नुसते तीळ भुरभुरले. आईने त्या खाल्ल्या आणि निघताना त्यांना पिशवीतला एक लाडू दिला.

तिरफळ यांना एक विनंती आहे: घरी चेंडोल करायला लागणारा भोकांचा साचा कुलीमच्या बाजारात कोणत्या नावाने मागावा? आईला तो गावी न्यायचा आहे आणि तिचे विमान पुढच्या गुरुवारी आहे.