पहाटेची घरघर (ग्रुप: सोसायटी सभासद, फक्त कामाचे मेसेज)

मंगळवार

५.०६ जोशी काकू बी-४०२: आज सलग अठरावा दिवस. पावणेपाचला घरघर सुरू. कोणाच्या घरी काय चालतं हे मी कधी विचारत नाही, पण माझ्या डोक्यावर चालतंय म्हणून विचारते.

५.०९ जोशी काकू बी-४०२: गळतीच्या वेळीही "काकू, तुम्हाला भास होतो" हेच ऐकवलं होतं. पुढे पीओपी कुठे पडलं ते सगळ्यांनी पाहिलंय.

६.१५ शेख सी-४०१: सुप्रभात 🌹 [फोटो]

६.४० शिंदे सी-२०३: नमस्कार. बी विंगच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे. मे महिन्यापासून सांगत आहे. पंप सुरू असताना डक्टजवळ उभे राहून ऐकावे. कृ. लक्ष द्यावे.

६.५२ सेक्रेटरी: शिंदेसाहेब, पंपाचं सर्व्हिसिंग गणपतीच्या आधीच झालंय. बिल खजिनदारांकडे आहे.

६.५४ शिंदे सी-२०३: बिल झाले हे माहीत आहे. सर्व्हिसिंग झाले का, हे विचारतो आहे.

६.५८ देशपांडे काका ए-१०१: वहिनी, मिक्सर असेल कोणाचा. हल्ली लोक पहाटे काढे करतात.

६.५९ जोशी काकू बी-४०२: भाऊजी, पाऊण तास फिरवायला काढा आहे की डोशाचं पीठ?

७.०५ ऋतुजा ए-३०४: काकू, मला वाटतं तो ट्रेनरचा आवाज असावा.

७.०६ सौ. कुलकर्णी ए-२०२: पहाटे पावणेपाचला ट्रेनर घरी येतो? कोणाकडे?

७.०६ शेख सी-४०१: 😳

७.०९ ऋतुजा ए-३०४: माणूस नाही हो! यंत्र असतं. सायकलचं मागचं चाक काढून ती त्यावर बसवायची आणि घरातच पेडल मारत बसायचं. चढाचा जोरसुद्धा लावता येतो त्यावर.

७.११ देशपांडे काका ए-१०१: म्हणजे घाण्याचा बैल. फक्त तेल निघत नाही.

७.१३ खजिनदार बी-१०३: मंदार ऑनलाइन दिसतोय. निळ्या टिकाही आल्यात.

७.२० *मंदार बी-५०२ यांनी हा मेसेज डिलीट केला*

७.२६ *मंदार बी-५०२ यांनी हा मेसेज डिलीट केला*

७.२७ शेख सी-४०१: भाऊंचा टायपिंगचाही सराव चालू आहे

७.३४ मंदार बी-५०२: काकू, खरंच सॉरी. आवाज माझाच. तुमच्यापर्यंत पोचत असेल असं वाटलंच नाही, आमच्या खोलीत तर पंख्याएवढाही येत नाही. डिसेंबरात शाळेच्या मुलींना सायकली घ्यायला पैसे जमवायचे म्हणून पुणे ते महाबळेश्वर सायकलने जायचंय, हे तुम्हाला माहीत आहेच. नीताची रात्रपाळी असते, मावशी सातला येतात, तोवर बाबांना एकटं सोडता येत नाही. बाहेर जायची सोय नाही म्हणून घरातच करतो. त्यात हा परतीचा पाऊस.

७.३८ जोशी काकू बी-४०२: तुझ्या बाबांचं मला कळतं रे. पण कोजागिरीला तू घोषणा केलीस आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, तेव्हा सराव माझ्या डोक्यावर होणार हे काही बोलला नव्हतास.

७.४० सेक्रेटरी: उपक्रम चांगला आहे, पण नियम सर्वांना सारखे. सकाळी ६ च्या आधी आवाजाची कामं करू नयेत. उपविधी आठवा.

७.४१ शिंदे सी-२०३: आणि पंप ५ वाजता चालतो तो?

७.४२ सेक्रेटरी: पाणी महानगरपालिका सोडते तेव्हा पंप चालतो, शिंदेसाहेब. माझ्या मर्जीने नाही.

८.१५ सौ. कुलकर्णी ए-२०२: मंदार, एक विचारते, रागावू नकोस. आमचा अथर्व तुमच्याबरोबर यायचं म्हणतोय. बारावी आहे त्याची. तुम्ही नक्की किती लांब जाणार आहात? हायवेने?

८.३१ ऋतुजा ए-३०४: काकू, साधारण १२० किलोमीटर. कात्रजला जुन्या घाटाने चढायचं, पुढे खेड शिवापूर, शिरवळ, मग खंबाटकी, तोही घाटानेच. सुरूरला हायवे सोडून वाई. तिथपर्यंत पाय शाबूत राहिले तर पसरणी, पाचगणी, महाबळेश्वर. हायवेवर कडेकडेने, एकामागे एक. मागे टेम्पो असणार, त्यात पाणी, पंक्चरचं सामान आणि दमलेली माणसं.

८.३३ सौ. कुलकर्णी ए-२०२: तो पसरणीचा घाट? आमची गाडी पहिल्या गिअरवर चढते तिथे 😟

८.४० ऋतुजा ए-३०४: दिसायला भयंकर, पण चढ एकसारखा आहे. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या थोडी वर, मध्ये बारा-एक किलोमीटर. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. त्यापेक्षा आपला सिंहगड खडा, पायथ्यापासून नऊ किलोमीटर. म्हणून सगळे सिंहगडावरच तयारी करतात. तो न उतरता चढलात की पसरणीला धाप लागते, रडू येत नाही.

८.४४ देशपांडे काका ए-१०१: आम्ही १९७३ साली गेलो होतो महाबळेश्वरला. बावीस इंची काळी सायकल, गिअर नाही, पुढे डायनॅमोचा दिवा. चढावर दिवा लावला की पेडल आणखी जड. दिवा नसला तर पोलीस धरायचा, डबलसीट असलं तर धरायचा, बिल्ला नसला तरी धरायचा. आता दोन लाखांच्या सायकली घेता आणि त्या दिवाणखान्यात चालवता.

८.४६ जोशी काकू बी-४०२: भाऊजी, गेल्या वर्षी हीच गोष्ट सांगताना तुम्ही पंढरपूरला गेला होतात. त्याच सायकलवर.

८.४७ शेख सी-४०१: 😂😂 काका, वाटेत रस्ता चुकले असतील

८.४९ देशपांडे काका ए-१०१: दोन्हीकडे गेलो होतो. वेगवेगळ्या साली. पसरणीला अर्धा घाट सायकल हातात धरून चाललो, हेही सांगतो. खोटं कशाला बोलू.

८.५० शिंदे सी-२०३: नमस्कार. बी विंगच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे. मे महिन्यापासून सांगत आहे. पंप सुरू असताना डक्टजवळ उभे राहून ऐकावे. कृ. लक्ष द्यावे.

९.१० सेक्रेटरी: सायकलींचा विषय निघालाच आहे तर. ए विंगच्या पार्किंगमध्ये ११ सायकली वर्षानुवर्षे पडून आहेत. पैसे जमवून नव्या घेण्यापेक्षा मंदारने याच नेऊन द्याव्यात. पार्किंगही मोकळं होईल.

९.१८ ऋतुजा ए-३०४: सर, पानशेतकडच्या वाड्यांवरून हायस्कूलला चालत येणाऱ्या मुलींसाठी आहे हे. त्या अकरांपैकी चारांना सीट नाही, एकीत मधमाश्यांचं पोळं होतं. आपल्याला नको ते त्यांना द्यायचं याला दान म्हणायचं का?

९.२० सेक्रेटरी: दुरुस्त करून द्यायला कोणी अडवलंय?

९.२२ सौ. कुलकर्णी ए-२०२: त्यातली लाल छोटी अथर्वची पहिली सायकल आहे. तिला कृपया कोणी हात लावू नये.

९.२३ देशपांडे काका ए-१०१: काळी माझी. तिलाही नाही.

९.२५ खजिनदार बी-१०३: म्हणजे नऊ.

९.४० जोशी काकू बी-४०२: माझ्या घरघरीचं काय झालं? की महाबळेश्वरला पोचला सगळा ग्रुप?

९.४६ मंदार बी-५०२: काकू, संध्याकाळी येतो खाली. तुमच्या घरात बसून ऐकतो. ऋतुजा वर पेडल मारेल.

संध्या. ७.५५ मंदार बी-५०२: जाऊन आलो. काकूंचं शंभर टक्के खरं आहे. स्वयंपाकघरात स्टीलच्या मांडणीवर चमच्यांचा स्टँड आहे, त्याच्या शेजारी तांब्या. ऋतुजाने वर जोर लावला की एक पळी त्या तांब्यावर टकटक वाजत राहते. घरघर कानाला कमी आणि हाताला जास्त कळते. ओट्यावर तळहात ठेवला तर थरथर लागते. मी अठरा दिवस हे वाजवत होतो. काकू, माफ करा.

७.५८ जोशी काकू बी-४०२: चहा न घेता पळाला म्हणून तेवढा राग आहे. बाकी मुलगा सरळ आहे.

८.०३ देशपांडे काका ए-१०१: आवाज हवेतून येत नाही, स्लॅबमधून उतरतो. नुसती मॅट टाकून भागणार नाही. खाली जाड रबर, वर प्लायवूड, त्यावर पुन्हा रबर, मग तुझं यंत्र. कारखान्यात आम्ही मशिनं अशीच बसवायचो.

८.०५ मंदार बी-५०२: करतो काका. प्लाय शनिवारी मिळेल. आणि पावणेपाचऐवजी साडेपाचला सुरू करेन.

८.०९ जोशी काकू बी-४०२: साडेपाचला मी उठलेलीच असते. शनिवारपर्यंत सोसते. रविवारपासून हिशोब: ज्या दिवशी आवाज येणार नाही त्या दिवसाचे दहा रुपये मुलींच्या सायकलींना. आला तर नाही.

८.१० शेख सी-४०१: काकू, मी पण! आमच्या वरच्यांकडे पोरं गोट्या खेळतात, त्यांनाही हीच स्कीम लावू का?

८.१४ खजिनदार बी-१०३: ही रक्कम सोसायटीच्या खात्यात घेता येणार नाही. पावती कोण देणार ते आधी ठरवा.

८.१५ जोशी काकू बी-४०२: डबा ठेवते मी. तुम्ही फक्त मोजायला या.

८.२२ मंदार बी-५०२: 🙏 पण काकू, घरातल्या सरावाने पाय होतात, उतार कळत नाही. सिंहगडावरून खाली येताना ब्रेक सलग दाबून धरले की रिम तापते. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाची ट्यूब अशीच फुटली, कोपर सोलून निघालं. वळणाआधी दाबायचे, सोडायचे, हे हाताला शिकवायला रस्ताच लागतो. आणि चार तास सायकलवर बसून दर अर्ध्या तासाला चिक्की-खजूर पोटात ढकलायची सवयही. एक रविवार जरी बाहेर पडता आलं असतं तर.

८.३० देशपांडे काका ए-१०१: या रविवारी जा. मी तसाही चारला उठतो. तुझ्या वडिलांबरोबर बसतो, माझे त्यांच्याकडे रमीचे एकशेचाळीस रुपये अडकलेत. चहा थर्मासमध्ये ठेव. साखर घालून. हे ग्रुपवर लिहिलंय म्हणजे आमच्या घरी कळलंच, असो.

८.३३ सौ. कुलकर्णी ए-२०२: मंदार, अथर्वला फक्त सिंहगडापर्यंत ने. दमला की विषय आपोआप संपेल.

८.३४ ऋतुजा ए-३०४: काकू, तो दमणार नाही हीच भीती आहे 🙈

८.५० शिंदे सी-२०३: नमस्कार. बी विंगच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे. मे महिन्यापासून सांगत आहे.

८.५१ सेक्रेटरी: शिंदेसाहेब, एक विषय चालू असताना दुसरा घुसडू नये ही नम्र विनंती.

रविवार

५.१२ जोशी काकू बी-४०२: मंदार, साडेपाच ठरलं होतं. पाच वाजून दहाला सुरू. पहिल्याच दिवशी दहा रुपये गेले.

५.१५ देशपांडे काका ए-१०१: वहिनी, मी ५०२ मध्येच बसलोय. मंदार साडेचारलाच गेला, सायकल घेऊन. यंत्र भिंतीला टेकवून ठेवलंय, त्याला हातही लावलेला नाही.

५.१६ जोशी काकू बी-४०२: मग पळी कशी वाजतेय?

५.१८ देशपांडे काका ए-१०१: घरघर इथेही येतेय. मंदारचे बाबा म्हणतात खालून येतेय. न्हाणीघराच्या बाजूने. डक्टला कान लावून आलो. तिथूनच.

५.२० शेख सी-४०१: मी खाली फिरतोय. वॉचमनने आत्ताच बी विंगचा पंप लावला. पाचच मिनिटं पंप बंद करायला सांगतो, काकू ऐका.

५.२२ जोशी काकू बी-४०२: थांबली.

५.२३ शेख सी-४०१: आता चालू

५.२३ जोशी काकू बी-४०२: वाजली.

५.४० *सेक्रेटरी यांनी हा मेसेज डिलीट केला*

६.५१ मंदार बी-५०२: [फोटो] सिंहगड! अथर्व माझ्याआधी वर पोचून पिठलं-भाकरी मागवून बसलाय. काय झालं, इतके मेसेज?

६.५३ सौ. कुलकर्णी ए-२०२: 🤦‍♀️

६.५५ जोशी काकू बी-४०२: मंदार, तुझे दहा रुपये डब्यात टाकले. आजचे सोसायटीकडूनही दहा पाहिजेत. खजिनदार, पावती मी देते.

७.०२ शिंदे सी-२०३: नमस्कार. बी विंगच्या पंपाचे बेअरिंग गेले आहे. मे महिन्यापासून सांगत आहे. पंप सुरू असताना डक्टजवळ उभे राहून ऐकावे. कृ. लक्ष द्यावे.