ऑनलाइन वर्ग: नेमकं काय चालतं, काय फसतं?

धागाकर्ता:
अभ्यासक्रम बनवणारे, सर्व्हर सांभाळणारे, तपासणारे, भाषांतर करणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे आणि पायऱ्या हव्यात. लॉकडाऊनमधल्या हालांच्या कहाण्या भरपूर झाल्या, त्या नकोत.

जुनीवही:
आधी एक दुरुस्ती. हा प्रकार २०२० चा नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर यांच्या गटाने १९६० मध्ये 'प्लेटो' सुरू केलं: यंत्र प्रश्न विचारी, उत्तर तपासी, मगच पुढे सरके. आपण इथे लिहितोय तसली चर्चेची पाटीही त्यावर १९७३ ला आली होती. आपल्याकडे १९७५-७६ चा 'साइट' हा शैक्षणिक टीव्हीचा प्रयोग उपग्रहावरून ६ राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही घेऊन गेला, पण तो एकतर्फी. समोरच्याला कळलं का, हे शिकवणाऱ्याला त्याच क्षणी कळायची सोय नव्हती. आजही नुसते व्हिडिओ चढवून ठेवले की आपण १९७५ मध्येच असतो.

पंखाबंद:
व्हिडिओबद्दल. चित्र थोडं धूसर चालतं, आवाज खराब असेल तर मुलं निघून जातात. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर, रिकाम्या भिंतींच्या खोलीत चादर टांगा. नुसत्या स्लाइड असतील तर ४८० पी आणि सेकंदाला ५०० किलोबिट पुरतात. तासाला २२५ एमबी होतात. फोनवर केलेल्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो, म्हणून संपादनात ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला स्थिर ३० फ्रेम करून घ्या, मग कापाकापी.

लाल शाई:
६ मिनिटांचाच व्हिडिओ करा, हा सल्ला हमखास येईल म्हणून आधीच लिहिते. तो एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख पाहण्यांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये निघाला. पण त्या नोंदी किती वेळ पाहिलं ते सांगतात, किती समजलं ते नाही. गणिताची सिद्धता १४ मिनिटांची असेल तर असू द्या. मध्ये थांबवून एक ओळ मुलांकडून लिहून घ्या.

आता मराठी प्रश्नमंजूषेचा खरा वैताग. लघुत्तरी प्रश्नात संगणक अक्षरागणिक जुळवतो. 'दऱ्या'मधलं जोडाक्षर दोन प्रकारे टंकता येतं: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखंच दिसतं, गुण एकालाच मिळतात. 'तऱ्हा', 'सुऱ्या', सगळीकडे तेच. शिवाय कुणी ९.८ लिहितं, कुणी 9.8. संगणकाला दिलेल्या उत्तरसूचीत सगळी रूपं घाला, नाहीतर सरळ बहुपर्यायी करा.

क्रॉनवाला:
मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि परीक्षा घ्यायची प्रणाली, चालवणाऱ्यांसाठी. ३०० मुलांना बरोबर १० वाजता 'सुरू करा' दाबायला लावलं की सर्व्हर झोपतो. परीक्षेची खिडकी १० ते ११:३० ठेवा, प्रत्येकाला ४५ मिनिटं द्या, गर्दी आपोआप पसरते. नेट गेलं तर उत्तरं वाचवायला स्वयंजतन असतं. मुळात ते दर मिनिटाला होतं, बंद करू नका. क्रॉन (ठरल्या वेळी कामं आपोआप उरकणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम) दर मिनिटाला चालतोय ना ते पाहा. तो बंद पडला की सूचनांचे मेल अडकतात आणि वेळ संपलेल्या उत्तरपत्रिका उघड्याच राहतात.

@लाल शाई, जोडखुणेचं अगदी खरं. तक्रार मात्र आमच्याकडे येते.

झिपवाली:
मुलांची नेहमीची तक्रार: 'मी ४० व्या पानापर्यंत गेलो होतो, उघडलं तर पुन्हा पहिलं पान.' धडा स्कॉर्म १.२ मध्ये (स्कॉर्म म्हणजे मूडलसारख्या प्रणालीत झिप करून चढवायच्या धड्यांचा ठरलेला साचा) असेल तर बहुधा कारण हे: शिकणारा कुठे थांबला याची नोंद ठेवायला त्यात फक्त ४०९६ अक्षरांची जागा आहे. ती भरली की पुढचं जतन होत नाही. धडा दोनतीन तुकड्यांत फोडा, किंवा स्कॉर्म २००४ ची तिसरी-चौथी आवृत्ती घ्या. तिथे ६४,००० आहेत.

दुसरी नेहमीची चूक: फोल्डरच झिप करणं. फोल्डर उघडून आतल्या फायली निवडून झिप करा. इम्समॅनिफेस्ट (imsmanifest.xml, धड्यात काय काय आहे त्याची यादी) ही फाईल सगळ्यात वरच दिसायला हवी.

उपशीर्षक:
स्पोकन ट्युटोरिअल (सॉफ्टवेअर शिकवणारे आयआयटी मुंबईचे व्हिडिओ) सारखं मराठी डबिंग करणार असाल तर इंग्रजी वाक्य शब्दशः मराठीत आणू नका, ते लांबतं आणि माउस पुढे निघून जातो. संहितेच्या प्रत्येक ओळीसमोर वेळ लिहा, त्या वेळेत बसेल एवढंच बोला. मेनूची नावं पडद्यावर आहेत तशीच उच्चारा. 'फाईल'ला 'संचिका' म्हटलं तर मूल ती पडद्यावर शोधत बसतं.

शेवटचा बाक:
आणि तयार व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि फळ्यावरचे घातांक वाचता येत नाहीत.