मदत हवी आहे : टोकियोतील हॉटेलच्या ओमाकासे सुशी काउंटरवर आई-बाबांना नेताना शेफला आधी काय सांगावे?

नमस्कार,

मी गेली काही वर्षे योकोहामात राहते. येत्या नोव्हेंबरात आई-बाबा रत्नागिरीहून आमच्याकडे येत आहेत आणि बाबांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना टोकियोतील एखाद्या हॉटेलच्या लहानशा सुशी काउंटरवर रात्रीच्या जेवणाला न्यावे, असे आम्ही ठरवले आहे. अशा ठिकाणी जेमतेम आठ-दहा जणांची बसण्याची सोय असते, मेनूकार्ड नसते, आणि त्या दिवशी बाजारात जे उत्तम मिळाले त्यातून काय वाढायचे व कोणत्या क्रमाने वाढायचे, हे सर्वस्वी समोर उभा असलेला शेफ ठरवतो; यालाच ओमाकासे म्हणतात. आरक्षण अजून केलेले नाही. ते करताना काय सांगणे योग्य आणि काय सांगणे म्हणजे शेफच्या कामात ढवळाढवळ, हे मला समजून घ्यायचे आहे. ज्यांनी घरच्या वयस्कर मंडळींना अशा काउंटरवर नेले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बाबांनी उभे आयुष्य मिरकरवाडा बंदरावरची मासळी खाल्ली आहे. कल्ला उचलून आतला लालपणा पाहिल्याशिवाय आणि पोटावर अंगठा दाबून मांस पुन्हा वर येते की नाही हे तपासल्याशिवाय ते बांगडासुद्धा घेत नाहीत. कच्चा मासा त्यांनी कधी खाल्लेला नाही, पण खाऊन पाहण्याची त्यांची इच्छा मनापासूनची आहे. आईही मासे आवडीने खाते. मात्र कच्चे खाणार नाही, हे तिने फोनवर स्पष्टच सांगितले आहे. सोमवार, गुरुवार आणि संकष्टी ती पाळते, त्यामुळे ते दिवस टाळूनच तारीख निवडणार आहे.

गल्लीतल्या छोट्या नामांकित दुकानांऐवजी हॉटेल निवडण्याचे कारण असे, की तिथे आरक्षणाच्या वेळी पथ्यपाणी नीट लिहून घेतात, लिफ्ट असते, आणि गरज पडली तर त्याच छताखाली दुसरे उपाहारगृहही असते. सध्या पॅलेस हॉटेलमधील ‘सुशी कानेसाका’ आणि निहोनबाशी भागातील मंदारिन ओरिएंटलमधील ‘सुशी शिन बाय मियाकावा’ ही दोन नावे डोळ्यांसमोर आहेत. माझा कल निहोनबाशीकडे आहे, कारण टोकियोचा जुना मासळीबाजार १९२३च्या भूकंपापर्यंत तिथेच भरत असे; पुढे तो त्सुकिजीला आणि २०१८मध्ये तोयोसूला गेला. बाबांना सकाळी तोयोसूचा बाजार दाखवावा आणि संध्याकाळी निहोनबाशीत जेवायला न्यावे, असे फार मनात आहे.

आता मुख्य प्रश्न आईचा. सुशी म्हणजे केवळ कच्चा मासा, असा आपल्याकडे समज असला तरी टोकियोच्या एदोमाए परंपरेत तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही सुशी एदो, म्हणजे तेव्हाच्या टोकियो शहरातल्या रस्त्यांवर विकली जाऊ लागली, तेव्हा मासा टिकवण्यासाठी आजच्यासारखा शीतकपाट नव्हता. म्हणून तो मिठात आणि व्हिनेगरमध्ये मुरवत, सोया सॉसमध्ये बुडवून ठेवत, कोंबू या समुद्रवनस्पतीच्या पानांत दाबून ठेवत, किंवा सरळ शिजवत. ऑफिसच्या पाहुण्यांबरोबर एका काउंटरवर जाण्याची संधी मला मिळाली होती, तेव्हा हे जवळून पाहता आले. तारलीच्या नात्यातला कोहादा नावाचा छोटा चंदेरी मासा शेफने आमच्यासमोर ठेवला. त्याला मीठ किती वेळ लावायचे हे माशाच्या आकारावर, चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरते, असे त्याने सांगितले. भात कोमट होता आणि इतका हलक्या हाताने दाबलेला, की घास ताटलीत ठेवल्यावर तो किंचित खाली बसताना दिसत होता. सोया सॉस शेफने आधीच कुंचल्याने लावला होता, त्यामुळे वेगळे काही बुडवावे लागले नाही. बाबांना हे सारे दाखवायचे आहे. घास हाताने उचलून खाण्यात तिथे काही वावगे मानत नाहीत, त्यामुळे ते अवघडणारही नाहीत.

याच परंपरेत आपल्या वामेच्या जवळचा आनागो हा मासा मऊ शिजवलेला असतो, कुरुमा कोळंबी उकडलेली असते, तिसऱ्यांसारखी हामागुरी शिजवून मुरवलेली असते, शेवटी तामागो, म्हणजे अंड्याचे ऑम्लेट येते आणि कांप्यो या सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा रोलही करतात. म्हणजे कच्चे न खाणाऱ्या माणसासाठीही शेफकडे पदार्थ असतात. परंतु आईचे सबंध जेवण केवळ याच पदार्थांचे करावे, अशी विनंती करणे रास्त आहे का? माझ्या समजुतीप्रमाणे आरक्षणाच्या वेळी सांगितले तर ती माहिती ठरते आणि खुर्चीवर बसल्यावर सांगितले तर तो आग्रह ठरतो. तरीही सर्व पाहुण्यांना एकाच वेळी, एकाच क्रमाने वाढले जात असताना एकीसाठी निराळा क्रम मागणे मला जड जाते. आईला त्याच हॉटेलात तेंपुरा (पिठात घोळवून तळलेले मासे-भाज्या) खायला बसवून आम्ही तिघांनी सुशी खावी, हा पर्याय नवऱ्याने सुचवला, पण पंचाहत्तरीच्या जेवणाला आई वेगळ्या टेबलावर बसलेली मला चालणार नाही. कोणाची अशी विनंती मान्य झाली असेल, किंवा नम्रपणे नाकारली गेली असेल, तर दोन्ही अनुभव कळवावेत.

दुसरी काळजी बाबांच्या तब्येतीची आहे. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी सुशी थोड्या प्रमाणात खायला हरकत नाही असे सांगितले, मात्र मासा विश्वासाच्या ठिकाणचा असावा ही अट घातली. बांगड्याच्या जातीच्या माशांत आनिसाकिस हा परजीवी असू शकतो; तो व्हिनेगरने किंवा वासाबी या तिथल्या झणझणीत हिरव्या चटणीने मरत नाही, पण उणे २० अंश सेल्सियसला किमान २४ तास गोठवल्यास मरतो. साबा, म्हणजे तिथला बांगडा, गोठवलेला आहे का, हे विचारले तर शेफला तो अविश्वास वाटेल का? की विचारण्याऐवजी तो मासा वगळण्याचीच विनंती करावी? भाताचे प्रमाण कमी आणि वासाबी बेताचा, एवढे सांगणे सर्वत्र चालते, त्याबद्दल शंका नाही.

वेळेबाबत माझा विचार असा, की साडेपाचची पहिली बैठक घ्यावी. भारतात तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात, म्हणजे नुकत्याच आलेल्या आई-बाबांना ती जेवणाचीच वेळ वाटेल. आठची बैठक दोन-अडीच तास चालली तर दोघेही थकतील. दुपारचे जेवण स्वस्त असते हे खरे, पण त्यात बहुधा घास कमी असतात आणि शेफला निवांतपणाही कमी असतो, म्हणून खर्चाकडे न पाहता संध्याकाळच ठेवावी असे वाटते. यात कोणाचे मत वेगळे असल्यास जरूर सांगावे.

एक लहान पण महत्त्वाची बाब राहिली. अशा काउंटरवर अत्तर लावून येऊ नये, असे आवर्जून सांगतात, कारण त्या वासाने इतर पाहुण्यांनाही माशाचा आणि भाताचा सुवास घेता येत नाही. आई अत्तर लावत नाही, पण गुडघ्यांना दिवसातून दोनदा वेदनाशामक बाम चोळते. त्याऐवजी वास नसलेली एखादी पट्टी किंवा मलम जपानमधल्या औषधांच्या दुकानात मिळते का, आणि ते साधारण कोणत्या नावाने मागावे?

आरक्षण बहुतेक महिनाभर आधी खुले होते, त्यामुळे सप्टेंबरअखेरपर्यंत उत्तरे मिळाली तर फार मदत होईल. आईच्या न कच्च्या जेवणाची आणि साबा वगळण्याची विनंती जपानीत कशी लिहावी, ती वाक्ये कोणी देवनागरीत लिहून दिली तर मी ती जपानी मैत्रिणीला वाचून दाखवेन आणि तिच्याकडून जपानी लिपीत लिहून घेऊन आरक्षणाच्या अर्जात घालेन.

आगाऊ आभार.