जांभा हा लाव्हाचा वेगळा थर नव्हे
"सड्यावरचा जांभा म्हणजे लाव्हाचा सगळ्यात वरचा लाल थर" असं कुणीतरी लिहिलंय, तेवढं काही पटलं नाही. (सडा म्हणजे कोकणातलं सपाट, खडकाळ माथ्याचं पठार, आणि जांभा म्हणजे तिथला लाल, भोकाभोकांचा दगड.) लाव्हा थिजून झाला तो काळा दगड, बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. जांभा हे त्याच दगडाचं पावसाने केलेलं रूप. उष्ण हवा आणि चार महिने धो धो पाऊस असला की दगडातली सिलिका (वाळू मुख्यतः जिची असते ती), चुना वगैरे विरघळून निघून जातं आणि मागे उरतं लोह नि ॲल्युमिनियम. लाल रंग त्या लोहाचा, सरळ गंजच म्हणा ना. तोच बेसाल्ट सोलापूरकडे कोरड्या हवेत काळी माती देतो.

राजापूरकडे आमच्या घरची विहीर खणली तेव्हा हे सगळं उभ्या कापात दिसलं. वर दोन पुरुष उंचीचा भोकाभोकांचा कडक जांभा, मग हाताला साबणासारखी लागणारी पिवळट-पांढरी माती, तिच्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे काळ्या दगडाचे गोळे, आणि तळाला सलग काळा दगड. (तिथे सुरुंगच लावावे लागले, खर्च विचारू नका.) पहिलं पाणी लागलं ते जांभा आणि माती यांच्या सांध्यावर. माती पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून सड्याच्या कडेला झरेही त्याच पातळीला फुटतात. आणि पावसाळ्यात ही माती भिजून सुटली, की वरचे घराएवढे ठोकळे खाली येतात.