मदत हवी आहे : कॉलेजबाहेरच्या लोकांपर्यंत प्रश्नावली कशी न्यावी?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात मानसशास्त्रात एमए करते आहे. प्रबंधाचा विषय : घरातले मोठे निर्णय कोण आणि कसे घेतं. गूगल फॉर्म वर्गाच्या ग्रुपवर टाकला की काम झालं, असं सगळे सुचवतात. मला ते पटत नाही.

मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकेतली मानसशास्त्राची सहा प्रमुख संशोधन-नियतकालिकं तपासली. अभ्यासलेल्यांपैकी ६८ टक्के लोक एकट्या अमेरिकेतले निघाले. पाश्चात्त्य देश मिळून सुमारे ९६ टक्के! पण सगळीकडची माणसं सारखी नसतात. उदाहरणार्थ, म्युलर-लायर या दृष्टिभ्रमाच्या आकृतीत टोकांच्या बाणांमुळे सारख्याच दोन रेषा लहानमोठ्या भासतात. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या सान लोकांवर मात्र तिचा जवळजवळ परिणाम झाला नाही. नजरेत एवढा फरक असेल, तर लग्न, कर्ज, मुलांचं शिक्षण यांबद्दल काय बोलावं? आणि आपणही फक्त इंग्रजी बोलणारी कॉलेजची मुलंच धरली, तर तीच चूक इथे होणार.

म्हणून वाशीच्या एपीएमसी मार्केटमधले माथाडी, नवी मुंबईतल्या दिवाळे गावचा कोळीवाडा आणि ठाण्यातल्या येऊरचे आदिवासी पाडे इथल्या लोकांशी बोलायचं आहे. तिथे कुणाची ओळख आहे का? माथाडींना कोणत्या वेळी भेटलं तर कामात अडथळा येणार नाही?

‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच पर्याय तोंडी विचारताना लोक अडखळतात. त्याऐवजी छोटा प्रसंग सांगून विचारलेलं चालेल का? सही करायला कचरणाऱ्यांची संमती कशी नोंदवता? प्रत्यक्ष असं काम केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.