मदत हवी आहे: सीसीआयला (हमीभावाने घेणारं सरकारी कापूस महामंडळ) कापूस घालणारे आणि खेडा खरेदीत (दारावर आलेल्या व्यापाऱ्याला) देणारे, तुलना कशी करू?

एम.ए. अर्थशास्त्राचं दुसरं वर्ष, जळगाव जिल्हा. लघुप्रबंधाचा प्रश्न साधा आहे: 2025-26 चा हमीभाव (लांब धागा, 8110 रुपये क्विंटल) शेतकऱ्याच्या हातात किती पडला?

अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावरचे बाजार समित्यांचे भाव उतरवून घेतले, पण त्यात दारावर येऊन काटा लावणारा व्यापारी दिसतच नाही. आमच्याकडे निम्मा कापूस तर तसाच जातो! म्हणून दोन गावांत 60 घरं फिरलो. भाव, तारीख, कटती (व्यापारी कापून घेतो ते), पैसे कधी मिळाले, सगळं विचारलं. पावत्या मात्र थोड्यांकडेच आहेत, बाकी आठवणीवर.

अडचण अशी, की सीसीआयच्या केंद्रावर जाणारे मुळातच वेगळे. सातबारा स्वतःच्या नावावर, पीक पाहणी नोंदलेली, गाडीभाड्याची सोय, आणि थांबायची ऐपत. शिवाय ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भाव कापतात, 12 च्या वर घेतच नाहीत. ओला कापूस आपोआप व्यापाऱ्याकडे. मग नुसत्या सरासरीतला फरक हा हमीभावाचा परिणाम कसा म्हणायचा?

‘रिग्रेशन लाव’ (बाकीचे घटक धरून फरक काढ) एवढंच उत्तर नको, ते आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये लावून झालंय. मागच्या वर्षांची आकडेवारी नाही, त्यामुळे डिफरन्स-इन-डिफरन्स (दोन्ही गटांतला आधीचा-नंतरचा बदल ताडून पाहणं) बाद. आणखी फार तर 20 घरं जमतील.

एवढ्याशा नमुन्यावर जमीन, ओलावा, विक्रीचा महिना पाहून दोन्ही गटांतल्या सारख्या शेतकऱ्यांच्या जोड्या लावणं (मॅचिंग) टिकेल का, की परिणामाचा दावा सोडून ‘केंद्रापर्यंत कोण पोचतं’ हाच प्रश्न घेऊ?